लेबल काढायला मी सांगितलं होतं

आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी दर वर्षी उन्हाळ्यात मला फोन येतो. "काका, तुमच्या दुकानातल्या गमतीजमती लिहा ना दोन-तीन पानं." मी लिहून देतो. कानात घालायचे थेंब नाकात घालून आलेले गृहस्थ, कुत्र्याची गोळी स्वतः घेऊन "आता काय होईल?" असं विचारणाऱ्या बाई, असं काहीबाही. लोक हसतात, पुढच्या वर्षी पुन्हा फोन येतो. हे सगळं मी लिहीत राहिलो, कारण एक गोष्ट लिहायची नव्हती. ती टाळता यावी म्हणून बाकीच्या लिहिल्या, असं म्हटलं तरी चालेल. यंदा तीच लिहितो आहे. फराळ खाता खाता हलकंफुलकं काही वाचायचं असेल तर हे पान उलटा. मी चिडून लिहितो आहे, आणि लिहून झाल्यावर राग कमी होईल असं मला वाटत नाही.

लंडनजवळ वॉटफर्डला माझी फार्मसी होती. एकतीस वर्षं चालवली, मग विकली. फार्मासिस्ट म्हणजे गोळ्या मोजून पिशवीत भरणारा माणूस असा बहुतेकांचा समज असतो. पण गोळ्या यंत्रही मोजतं. आमचं खरं काम दोन गोष्टींचं: डब्यावर लेबल चिकटवायचं आणि पिशवी हातात देताना दोन वाक्यं बोलायची. जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर घ्यायचं नाही, किती वेळ थांबायचं. डॉक्टरकडे पेशंटसाठी दहा मिनिटं असतात. आमची ती दोन वाक्यं शेवटची. त्यानंतर माणूस औषध घेऊन घरी जातो, आणि तिथे आपण नसतो. तिथे फक्त लेबल असतं.

काही वर्षांपूर्वी इथला कायदा बदलला आणि गांजापासून केलेली औषधं स्पेशालिस्ट डॉक्टरने लिहून दिली तर घेता येऊ लागली. जीपी, म्हणजे इथला नेहमीचा फॅमिली डॉक्टर, देत नाही. स्पेशालिस्टही बाकीचे उपाय करून झाल्यावरच देतो. आमच्या भागात अशी प्रिस्क्रिप्शनं घेणारी दुकानं नव्हती, मी घ्यायला लागलो. तेव्हा मंडळातल्या चौघांनी मला वार्षिक पार्टीत बाजूला घेऊन विचारलं, "दिलीपराव, हे आपल्याला शोभतं का?" चौघांच्याही हातात व्हिस्कीचे ग्लास होते, आणि ते पहिले नव्हते.

"मॉर्फिन देतो ते शोभतं का?" मी म्हणालो. त्या दिवशी मी स्वतःवर फार खूश होतो.

या औषधांतलं एक चघळायच्या वडीच्या रूपात येतं. पॅस्टिल म्हणतात. चौकोनी, मऊ, फळाच्या स्वादाची, हातात घेतली तर जेलीचा तुकडा वाटावा अशी. वेदनेचं औषध मिठाईसारखं का करावं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. ते करणाऱ्यांना मी दोनदा पत्र लिहून विचारलं. दोन्ही वेळा "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत" असं उत्तर आलं.

गांजा ओढला तर काही मिनिटांत कळतो. खाल्ला तर तो पोटातून, यकृतातून वळसा घालून येतो. तास, दीड तास, कधी दोन तास काहीच होत नाही. माणूस म्हणतो, हे काही लागू पडलेलं दिसत नाही, आणि आणखी एक खातो. मग दोन्ही एकदम चढतात आणि सहा-आठ तास उतरत नाहीत. तरुण माणूस घाबरतो, उलट्या करतो, झोपून उठतो. म्हातारा माणूस पडतो. माझ्या काउंटरवरचं पहिलं वाक्य म्हणून ठरलेलं होतं: "एक घ्या आणि दोन तास थांबा."

दुसरा विषय प्रवासाचा. त्यात लोकांनी मला फार छळलं. एक रिटायर्ड जोडपं आठवतं. कॅनडाहून मुलाकडून परत आलेलं. बाईंनी काउंटरवर चॉकलेटचं पाकीट ठेवलं.

"यावर एक्स्पायरी कुठे आहे, सापडत नाहीये. सुनेनं दिलंय यांच्या गुडघ्यांसाठी."

पाकिटावर भलंमोठं हिरवं पान छापलेलं होतं.

"हे तुम्ही विमानातून आणलंत?"

"हो, हँडबॅगेत. वितळायला नको म्हणून."

मी त्यांना समजावलं की कॅनडात हे दुकानात मिळतं म्हणून ते इथे आणता येत नाही, आणि तुम्ही बंदी असलेला पदार्थ घेऊन कस्टम्सच्या समोरून चालत आला आहात. बाई पांढऱ्या पडल्या. "पण माझ्याकडे बिल आहे हो."

"ते बिल कुणाला दाखवू नका."

गृहस्थ गुडघा चोळत पुढे सरकले. ते म्हणाले, "मी काल एक तुकडा खाल्लाय. गुडघ्याचं माहीत नाही, पण हिचं बोलणं अगदी लांबून ऐकू येत होतं. बरं वाटलं."

अशा वस्तू नष्ट करायची आमच्या धंद्यात ठरलेली पद्धत आहे, तशी ती वस्तू नष्ट केली. दुसरे एक गृहस्थ, रीतसर प्रिस्क्रिप्शन असलेले, पुण्याला निघाले होते, वाटेत आखातात विमान बदलून. मी त्यांना म्हणालो, तुम्ही विमानतळाबाहेर पडणार नसलात तरी तुमची बॅग त्यांच्या मशीनमधून जाते, आणि तिथला तुरुंग तुमच्या पाठदुखीला मानवणार नाही.

"पण भारतात काय प्रॉब्लेम? आपल्याकडे शंकराला भांग चालते."

"शंकराला पासपोर्ट लागत नाही. ज्या ज्या देशात विमान टेकणार आहे त्यांच्या वकिलातीला लेखी विचारा. लेखी होकार हातात नसेल तर औषध इथेच ठेवा, आणि जाण्याआधी डॉक्टरांकडून दुसरी सोय करून घ्या."

त्यांनी ऐकलं. येताना माझ्यासाठी बाकरवडी आणली.

सांगायचा मुद्दा असा की मला नियम पाठ होते. औषध मूळ डब्यातच, नाव असलेल्या लेबलासकट. सोबत प्रिस्क्रिप्शनची प्रत आणि डॉक्टरचं पत्र. जितके दिवस जाणार तितक्याच वड्या. दुसऱ्याच्या घरी उतरत असाल तर कुलपाच्या पाऊचमध्ये, आणि त्या घरातल्या एका मोठ्या माणसाला सांगून. घेतल्यावर गाडी चालवायची नाही. उरलेलं मागे ठेवून यायचं नाही. हे मी शेकडो वेळा बोललो असेन. पुढचं वाचून "बिचाऱ्याला ठाऊक नसेल" असं कुणी म्हणू नये म्हणून हे आधी लिहून ठेवलं.

आता निर्मलाताई.

निर्मला तांबे इथल्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं मिडवाइफ होत्या. आमच्या मंडळातली अर्धी मुलं त्यांच्या हातावर जन्मली. नवरा लवकर गेला, मुलगी अस्मिता वॉटफर्डलाच वाढली आणि लग्न होऊन ग्लासगोला गेली. पंचाहत्तरीच्या आसपास निर्मलाताईंना कॅन्सर झाला. तो बरा झाला, पण केमोने पायांच्या नसा जाळून ठेवल्या. "तळव्यांखाली कुणीतरी गॅस पेटवून ठेवलाय आणि बंद करायला विसरलंय," असं त्या म्हणायच्या. सगळी औषधं झाली. शेवटी स्पेशालिस्टने पॅस्टिल लिहून दिली. पंधरा दिवसांनी त्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "दिलीपराव, काल सहा तास सलग झोपले. जाग आली तर मीच दचकले, म्हटलं मेले की काय." प्रत्येक वडी किती वाजता घेतली ते त्या वहीत लिहून ठेवत. इतकी शिस्तीची पेशंट मी दुसरी पाहिली नाही.

अस्मिताचे सासरे भाऊसाहेब मुलाकडेच, ग्लासगोला राहायचे. त्यांना एक्याऐंशी पूर्ण झाली म्हणून घरी सहस्रचंद्रदर्शनाचा कार्यक्रम ठरला. पन्नास-साठ माणसं, पूजा, जेवण. निर्मलाताई चार दिवस जाणार होत्या. निघायच्या आदल्या दिवशी त्या नवं पाकीट न्यायला आल्या. दुकानात तेव्हा आम्ही दोघंच होतो.

"ट्रेननं चाललेय. पत्र, प्रिस्क्रिप्शन घेतलंय," त्या म्हणाल्या. "बॉक्स असाच नेते, आणि मिलिंदला सांगून ठेवते. डॉक्टर आहे तो, त्याला कळेल."

मिलिंद म्हणजे त्यांचा जावई, तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. त्यांनी मला काही विचारलं नव्हतं. त्या जे करणार होत्या ते शंभर टक्के बरोबर होतं. मी फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "निर्मलाताई, मुलीचं सासर आहे. घरात पन्नास माणसं असणार. बॉक्सवर एवढ्या मोठ्या अक्षरांत कॅनाबिस लिहिलंय. कुणी वाचलं तर?"

"वाचलं तर वाचलं. चोरून आणलंय का?"

"तुम्ही नाही हो. पण विहीणबाई गांजा खातात, असं एकदा कुणी म्हटलं की अस्मिताला ते जन्मभर ऐकावं लागेल."

हे बोलून मी आत गेलो. माझ्या टेबलावर आवळा कँडीची एक डबी होती, प्लॅस्टिकची, पारदर्शक झाकणाची, जवळजवळ संपलेली. उरलेले दोन तुकडे मी तोंडात टाकले, डबी धुतली, पुसली, आणि तिच्यात निर्मलाताईंच्या आठ वड्या मोजून भरल्या. मूळ बॉक्स म्हटलं माझ्याकडे राहू द्या, आल्यावर न्या. दिसायला इतकं बेमालूम झालं की मला हसू आलं.

"पस्तीस वर्षं नर्सिंग केलेल्या बाईला औषधाचं लेबल काढायला शिकवताय?" त्या म्हणाल्या.

"चार दिवसांचा प्रश्न आहे."

"तुम्ही सांगताय म्हणून हं." त्यांनी डबी पर्समध्ये टाकली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी त्यांच्या अब्रूसाठी हे केलं. ते खोटं आहे. त्या लेबलावर खाली माझ्या दुकानाचं नाव होतं. मी त्या वर्षी मंडळाचा अध्यक्ष होतो, आणि मंडळातली दोन कुटुंबं त्या कार्यक्रमाला जाणार होती. त्या चौघांना मॉर्फिनचं उत्तर देणारा धीट माणूस ग्लासगोच्या एका बाथरूममधल्या शेल्फवर आपलं नाव दिसेल म्हणून टरकला होता.

पुढे जे झालं ते मला निर्मलाताईंनी फोनवर सांगितलं, थोडं नंतर अस्मिताकडून कळलं.

आई मुलीच्या घरी रिकाम्या हाताने जात नाही. तिच्या बॅगेतून निघालेला प्रत्येक डबा घरच्यांसाठीच असतो, तो उघडायला कुणी परवानगी मागत नाही. निर्मलाताईंनी चिवडा, लाडू, मेतकूट सगळं नेलं होतं. कार्यक्रमाच्या दिवशी जेवणं झाली, निर्मलाताई पाय दुखतात म्हणून वरच्या खोलीत जरा आडव्या झाल्या. अस्मिताने बडीशेप-सुपारीचं तबक लावायला घेतलं. आईची पर्स खालीच खुर्चीवर होती, तिच्यातून डबी डोकावत होती. भाऊसाहेबांना आवळा आवडतो म्हणून आईने आणलेली दिसते, देताना विसरली, असं तिला वाटलं. तिने डबी उघडून तबकात, बडीशेपेशेजारी ठेवली. यात त्या मुलीची काडीचीही चूक नाही. मी तिच्या जागी असतो तर तेच केलं असतं. आपल्यापैकी कुणीही तेच केलं असतं, आणि हे मला, तीस वर्षं आपल्या माणसांना औषधं देणाऱ्याला, डबी भरताना सुचायला हवं होतं.

बाकीच्यांची पोटं जिलब्यांनी भरलेली होती, म्हणून कुणी हात लावला नाही. भाऊसाहेबांनी एक खाल्ली, चव आवडली, आणखी दोन खाल्ल्या. दीड-दोन तासांनी फोटोसाठी सगळे उभे राहिले तेव्हा ते तोतरं बोलू लागले, आणि पुढचं पाऊल टाकताना आडवे झाले. खुब्याचं हाड मोडलं. मिलिंदला वाटलं, मेंदूचा झटका आला. त्याने तसं सांगूनच अँब्युलन्स बोलावली.

आरडाओरडा ऐकून निर्मलाताई खाली आल्या आणि त्यांना तबकात डबी दिसली. त्यांनी जिन्यातच उभं राहून मला फोन केला.

"दिलीपराव, भाऊसाहेबांनी माझ्या तीन वड्या खाल्ल्यात. दोन तास झाले. पडलेत." आवाज अगदी शांत होता. अडलेल्या बाळंतिणीजवळ उभं राहून बोलावं तसा.

अशा वेळी फार्मासिस्टने काय विचारायचं असतं ते मला माहीत आहे. वय, बाकीची औषधं, श्वास, शुद्ध. त्यातलं काहीही मी विचारलं नाही. माझं पहिलं वाक्य होतं, "माझं नाव घेऊ नका."

"मी आता अँब्युलन्सवाल्यांना सांगायला चाललेय," त्या म्हणाल्या. "तुमचं नाव घ्यायला फोन नव्हता केला. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तिच्याबरोबर काही होतं का, तेवढं सांगा."

मी सांगितलं. त्या गेल्या आणि पन्नास माणसांच्या देखत, व्याह्यांच्या घरी, विहीण म्हणून नेसलेल्या शालूत, मोठ्याने म्हणाल्या की ही माझी औषधं आहेत, गांजाची आहेत, यांनी चुकून खाल्ली आहेत. ते वेळेवर कळलं म्हणून डॉक्टर चुकीच्या दिशेने गेले नाहीत. रक्त पातळ झालेल्या, पडलेल्या माणसाला झटक्याचं, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध दिलं असतं तर काय झालं असतं, हे मिलिंदलाही कळत होतं. तरी त्याने सासूचे आभार मानले नाहीत.

भाऊसाहेब वाचले. खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकर घेऊन चालू लागले. हॉस्पिटलात निर्मलाताई भेटायला गेल्या तेव्हा म्हणाले, "तरुणपणी काशीला भांग प्यालो होतो, ती काहीच नव्हे हो. पुढच्या वेळी सांगून वाढा म्हणजे झालं." त्या एका माणसाला चिडायचा हक्क होता आणि तो एकटाच चिडला नाही. मिलिंदने सासूला सांगितलं, यापुढे या घरी येऊ नका. आणि औषध माझ्या दुकानातलं हे अस्मिताकडून कळल्यावर माझ्याविरुद्ध तक्रार केली: पेशंटला असं औषध बिनलेबलाच्या डबीत नेऊ कसं दिलं?

आमच्या धंद्यावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेचं पत्र आलं. मी त्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, कॉम्प्युटर उघडला आणि निर्मलाताईंच्या नावापुढे, प्रवासाच्या आदल्या दिवशीच्या त्या भेटीच्या तारखेखाली नोंद केली: "पेशंटला औषध मूळ डब्यात, लेबलासह, कुलूपबंद पाऊचमध्ये नेण्याचा सल्ला दिला. यजमानांना कल्पना देण्यास सांगितले." वाक्य अगदी मुद्देसूद होतं. शेकडो वेळा बोललेलं होतं ना. फक्त त्या बाईंशी बोललो नव्हतो. नोंद प्रत्यक्षात कधी टाइप केली हे कॉम्प्युटरच्या पोटात असतं, पण ते कुणी पाहिलं नाही.

चौकशीला आलेल्या बाई नम्र होत्या. नोंद वाचून म्हणाल्या, सगळ्यांनी अशा नोंदी ठेवल्या तर आमचं काम किती सोपं होईल. मी त्यांना चहा दिला. तक्रार निकालात निघाली, निकालाची प्रत मिलिंदला गेली, मिलिंदने ती अस्मिताला दाखवली, अस्मिताने आईला वाचून दाखवली. म्हणजे निर्मलाताईंनी माझं खोटं स्वतःच्या मुलीच्या तोंडून ऐकलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. का बोलल्या नाहीत, हे मला ठाऊक नाही. त्यांनी विचार केला असेल की म्हाताऱ्या बाईच्या शब्दापुढे कॉम्प्युटरची नोंद जड पडेल. किंवा फोनवर मला जे सांगितलं त्याला त्या जागल्या.

तेव्हा स्पष्ट लिहितो. डबी माझी होती. वड्या मी भरल्या. लेबल असलेला बॉक्स मी काढून घेतला. निर्मलाताई तो न्यायला निघाल्या होत्या, मी नेऊ दिला नाही. नोंद खोटी आहे. ही पाच वाक्यं मी त्या संस्थेलाही लेखी कळवली आहेत, या अंकाच्या आधी. ते जे करतील ते करोत. या वयात ते माझं फारसं काही बिघडवू शकत नाहीत, आणि याचाही मला राग येतो.

तक्रारीच्या निकालानंतरच्या महिन्यात निर्मलाताई दुकानात आल्या. रांग होती. मी पिशवी हातात दिली तेव्हा मराठीत म्हणाल्या, "लेबल नीट चिकटवलंय ना? माझ्याकडून सुटतं म्हणे." मागच्या इंग्रज बाई माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसलो. त्यानंतर निर्मलाताईंनी प्रिस्क्रिप्शन दुसरीकडे हलवलं.

आणि आता तुमच्याबद्दल. हा अंक वाचणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्या वर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये होते. प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा होता. निर्मलाताईंनी करंज्या आणल्या. पायांना आग होत असताना उभं राहून तळलेल्या साठ करंज्या. कुणीतरी माइकवरून म्हणालं, "तांबे मावशींच्या करंज्या खाऊन घ्या, कशा झाल्यात ते दोन तासांनी कळेल." हॉल हसला. ज्याने हा विनोद केला त्याचे दोन्ही मुलगे याच बाईंच्या हातावर जन्मलेले. मी नाव लिहीत नाही, त्याला कळेल. ज्या बायांना दर होळीला थंडाईत "थोडीशी टाका हो" म्हणताना मी ऐकलंय, त्या करंज्यांच्या ताटासमोरून पुढे सरकत होत्या. ताट तसंच भरलेलं राहिलं.

तुमच्यावर चिडायचा मला काय अधिकार? तुम्हाला खरं माहीत नव्हतं. मला माहीत होतं आणि मी त्या हसण्यात होतो. कार्यक्रम संपल्यावर निर्मलाताई ताटावर फॉइल लावत होत्या. मला म्हणाल्या, "तुम्ही तरी घ्यायची एक."

"शुगर आहे मला," मी म्हणालो.

मला शुगर नाही. कधीच नव्हती.

ग्लासगोच्या घरी त्या पुन्हा गेल्या नाहीत. अस्मिता वर्षातून दोनदा येऊन भेटून जायची, एकटी. मी दुकान विकलं तेव्हा मंडळाने शाल-श्रीफळ दिलं, मानपत्रात "जबाबदार" हा शब्द दोनदा होता. मग निर्मलाताईंचा कॅन्सर परत आला. या वेळी डॉक्टरांनी फार काही करायचं नाही असं ठरवलं, की निर्मलाताईंनीच ठरवलं, मला नक्की माहीत नाही.

मी त्यांच्या फ्लॅटवर गेलो. काय बोलायचं ते कागदावर लिहून, पाठ करून गेलो होतो. दार शेजारणीने उघडलं आणि ती निघून गेली. निर्मलाताई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. बाजूच्या टेबलावर पॅस्टिलचा बॉक्स होता, लेबल बाहेरच्या बाजूला, येणाऱ्याला आधी तेच दिसेल असं.

"चहा करून घ्या," त्या म्हणाल्या. "दूध फ्रिजमध्ये आहे."

मी चहा केला. मंडळाच्या निवडणुकीबद्दल बोललो. नव्या मालकाने दुकानाला कसला रंग दिलाय ते सांगितलं. कौन्सिलने आमच्या रस्त्यावर पार्किंग परमिट आणलंय, त्यावर मी चांगली दहा मिनिटं बोललो असेन. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "दिलीपराव, काही बोलायचं होतं का?"

कागद कोटाच्या खिशात होता. माझा हात त्याच्यावर होता.

"नाही," मी म्हणालो. "सहज आलो होतो."

"बरं." त्यांनी आपला कप माझ्याकडे सरकवला. "मग कप तेवढा विसळून जा. मला उठवत नाही."

मी दोन्ही कप विसळले आणि निघालो. तीन आठवड्यांनी त्या गेल्या.

क्रिमेटोरियमला शंभरएक माणसं होती. करंज्या न खाणारे सगळे आले होते, काळे कोट घालून. बाहेर अस्मिता दारापाशी उभी होती आणि लोक रांगेने तिला भेटत होते. मिलिंद तिच्या बाजूला होता. मी रांगेत उभा राहून ठरवलं की हिला सांगायचं. इथेच, दोन वाक्यांत, जे व्हायचं ते होऊ दे. माझी पाळी आली. मी तोंड उघडायच्या आत तिने माझे दोन्ही हात धरले.

"दिलीपकाका, मला तुम्हाला सॉरी म्हणायचा होता," ती तिच्या इथे वाढलेल्या मराठीत म्हणाली. तिला रडू येत होतं. "तेव्हा आम्ही तुमची कंप्लेंट केली. तुम्ही आईला सगळा नीट सांगितला होता, तिनेच ऐकला नाही. तुम्हाला उगाच त्रास झाला. आय ॲम रियली सॉरी, काका."

मिलिंदनेही मान हलवली. "मी लिहायला हवं होतं तुम्हाला," तो म्हणाला.

"असू दे गं," मी म्हणालो. तिच्या हातावर थोपटलं.

मागे लोक थांबले होते. मी पुढे सरकलो.